वुडलँड्सपर्यंतचा दिग्विजय

कोणतीही संस्कृती पसरायची असेल तर आधी कुणाला तरी घर सोडावं लागतं. घरात बसून संस्कृती टिकते, क्वचित मुरते, पण पसरत नाही. मॅसिडोनियाचा अलेक्झांडर, ज्याला आपण सिकंदर म्हणतो, बाविसाव्या वर्षी घरातून निघाला आणि पुढच्या आठ-दहा वर्षांत त्यानं ग्रीक संस्कृती नाइल नदीपासून आपल्या बियास नदीपर्यंत आणून ठेवली. आमचे अध्यक्ष हेमचंद्र सव्विसाव्या वर्षी कोथरूडहून निघाले आणि एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, सिंगापूरला आले. (सिकंदराला पास लागला नव्हता. पण त्या काळी सगळंच सोपं होतं.)

मी सिंधुपार मराठी मंडळ, सिंगापूर, या संस्थेचा गेली नऊ वर्षं चिटणीस आहे. नोकरी रॅफल्स प्लेसला, तपासनिसाची. इतिवृत्त लिहिणं हा माझा छंद नाही, स्वभाव आहे. बैठकीला कोण किती मिनिटं उशिरा आलं आणि आल्यावर आधी कुठे गेलं (बटाटेवड्यांकडे), हे सगळं माझ्या वहीत आहे. त्यामुळे आमच्या मंडळानं मराठी संस्कृतीचा प्रसार कसा केला हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही, असं मी नम्रपणे नमूद करतो.

गेल्या वर्षी हेमचंद्रांना त्यांच्या बँकेनं दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला पाठवलं. विषय अलेक्झांडर. जेवण उत्तम होतं म्हणे, आणि निघताना प्रत्येकाला एक छोटं पितळी शिरस्त्राण भेट मिळालं. ते हेमचंद्रांनी ईस्ट कोस्टच्या काँडोतल्या आपल्या फ्लॅटमध्ये टीव्हीखाली ठेवलं आणि पुढच्याच रविवारी काँडोच्या फंक्शन रूममध्ये कार्यकारिणीची तातडीची बैठक बोलावली. चाळीस मिनिटं नकाशा दाखवला. ग्रीक संस्कृती चार गोष्टींनी पसरली, असं त्यांचं म्हणणं: जागोजागी वसवलेली शहरं, शहराशहरांत नाट्यगृह, सरदारांची स्थानिक घरांत लग्नं, आणि मागे वळून न बघणं. आपण मात्र सत्तावीस वर्षं एकाच जागी बसून तिळगूळ वाटतोय, असं ते म्हणाले तेव्हा आम्हा सगळ्यांनाच कसंनुसं झालं. दिग्विजयाचा ठराव सर्वानुमते संमत झाला. सूचक प्रबोध, अनुमोदक सुरेखाताई, तटस्थ एक (तो बाहेर फोनवर होता).

मोहिमेआधी शिबंदी मोजावी लागते, म्हणून त्या वेळी मंडळाकडे संस्कृती म्हणावी असं काय काय आहे याची मी यादी केली. गणपतीचं मखर, एक, दोन तुकड्यांत. फेटे एकवीस, त्यातले चौदा कायमचे बांधलेले. लेझीम सोळा. ढोल एक, ज्याच्याबद्दल शेजाऱ्यांनी पोलिसांना दोनदा कळवलेलं आहे. चारशे बारा सभासदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आणि सुचित्राताईंचा रविवारचा वर्ग.

वर्ग यादीत शेवटी आला, कारण तो कुणाच्या लक्षातच नव्हता. सुचित्राताई मूळच्या नाशिकच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या आणि गेली अकरा वर्षं बिशानला एका समाजकेंद्राच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात मुलांना मराठी शिकवतात. मुलं अकरा, फळा एक. तशा त्या विशेष काही करत नाहीत. मुलांशी बोलतात, भांडतात, कोडी घालतात. मूल इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणालं, ‘डोन्ट वॉन्ट, लाह,’ तर रागावत नाहीत. फक्त आपलं बोलणं मराठीतच चालू ठेवतात, आणि थोड्या वेळानं मूलच कंटाळून मराठीवर येतं. बाराला खोली रिकामी होते तेव्हा मुलं जिन्यात मराठीतून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत असतात. माझी आर्या तिथेच शिकली. मिरजेला माझ्या आईला ती व्हिडिओ कॉलवर चक्क दटावायची: गुडघ्याला तेल लावलंस का, खोटं बोलू नकोस, दाखव बाटली. आई मग दिवसभर शेजारीपाजारी सांगत फिरायची की नात सिंगापूरची, पण तोंड अस्सल मिरजेचं.

इथे थोडी आकडेवारी देणं भाग आहे. मंडळानं केलेल्या पाहणीनुसार इथलं मराठी घरातलं मूल दिवसाला सरासरी सव्वादोन वाक्यं मराठीत बोलतं. एक ‘भूक नाही’, दुसरं व्हिडिओ कॉलवर ‘मी बरी आहे’, आणि उरलेलं पाव वाक्य देवासमोर, तेही पुढे आठवत नाही म्हणून. सुचित्राताईंच्या वर्गातल्या मुलांची वाक्यं मोजायला मी स्वतः गेलो होतो. ती मोजता आली नाहीत, मुलं थांबतच नव्हती. त्यामुळे ती पाहणीतून वगळली.

खोलीची अट एकच होती. दर नव्या सत्राच्या नोंदणीला वर्गाची किमान आठ नावं हवीत. आठ भरली नाहीत तर खोली प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या गटाला. पुढचा गट होता लाइन डान्सवाल्या आंटींचा. तेवीस नावं, आणि तेवीसच्या तेवीस वेळेवर येणाऱ्या. आपल्या लोकांनी यावरून काही घ्यावं असं मी एकदा सुचवलं होतं, पण ते असो.

तर, दिग्विजय. पहिली शाखा जुरोंगला निघाली, दुसरी पुंगोलला, तिसरी टॅम्पिनीसला. सहा महिन्यांत नऊ. सिकंदरानं सत्तर शहरं वसवली असं सांगतात. (मोजणाऱ्यांना वीसेकच सापडतात. त्याचाही चिटणीस माझ्यासारखा कर्तव्यदक्ष असणार.) बहुतेक शहरांना त्यानं स्वतःचं नाव दिलं. हेमचंद्र विनयशील, त्यांनी बॅनरवर फक्त स्वतःचा फोटो ठेवला, तोही छातीपर्यंतच. सिकंदरानं आपल्या लाडक्या घोड्याच्या नावानंही एक शहर वसवलं होतं. या उदाहरणाला अनुसरून ईस्ट कोस्टच्या सायकलस्वार शाखेच्या बॅनरवर हेमचंद्रांच्या घडीच्या सायकलचा फोटो आला. सायकल त्या शाखेची मानद सभासद आहे, आणि उपस्थितीत तिचा पहिला क्रमांक लागतो.

प्रत्येक शाखेला अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस, खजिनदार आणि दोन सल्लागार हवेत. पुंगोलला मराठी घरं तीनच, माणसं कमी पडली. मग तिथल्या एकाच्या सासूबाई महिनाभरासाठी आल्या होत्या, त्यांनाच उपाध्यक्ष केलं. महिन्यानं त्या साताऱ्याला परत गेल्या तेव्हा निरोप समारंभ झाला, त्याची उपस्थिती पुंगोल शाखेच्या इतिहासातली सर्वाधिक आहे, सात. पदाधिकारी कार्यक्रमाला येतात आणि साधे सभासद नुसता अंगठा दाखवतात, हे एव्हाना स्पष्ट झालं होतं. तेव्हा सर्वच्या सर्व सभासदांना पदाधिकारी करावं, असा प्रस्ताव मी मांडला. तो विचाराधीन आहे.

सरदारांच्या लग्नांचं मात्र जमलं नाही. सिकंदरानं सुसा शहरात आपल्या ऐंशीएक सरदारांची इराणी घराण्यांत एका मांडवात लग्नं लावून दिली. आमचे सरदार आधीच विवाहित, आणि बायका समोरच्याच रांगेत बसलेल्या. म्हणून ते कलम ‘आंतरसांस्कृतिक स्नेहभोजन’ असं बदलून घेतलं आणि पुरणपोळीबरोबर लक्सा, म्हणजे इथला नारळाचा नूडल-रस्सा, वाढला. दोन्ही संस्कृतींना एकमेकींबद्दल पूर्वी जे वाटायचं तेच अजून वाटतं.

आता, शाखेचं उद्घाटन म्हटलं की दीपप्रज्वलन आलं, स्वागतगीत आलं, आणि एखादं मूल खणखणीत मराठीत चार ओळी बोलताना दिसायलाच हवं; नाहीतर प्रसार नेमका कशाचा झाला हे पाहुण्यांना कळत नाही. असं मूल कुठे मिळतं? बिशानला, दुसऱ्या मजल्यावर. म्हणून दर रविवारी सकाळी दोन मुलं एमआरटीनं (ही इथली मेट्रो) इकडे, तीन तिकडे अशी रवाना होऊ लागली. राजस नावाच्या मुलानं एकच स्वागतभाषण सहा शाखांत केलं. सहाव्या खेपेला ते त्याला इतकं पाठ झालं होतं की बोलता बोलता तो बुटाची नाडी बांधत होता. पाहुण्यांनी त्याचं कौतुक केलं.

त्यानंतर नाट्यगृहाचं कलम आलं. हेमचंद्रांनी ‘ग्रीस ते गोदावरी’ या महानाट्याची घोषणा केली आणि तालमी ठेवल्या रविवारी, नऊ ते एक. शाखांमधल्या मुलांना देवनागरी वाचता येत नव्हती, म्हणून संवाद इंग्रजी अक्षरांत लिहून दिले. वेळ वाचावा म्हणून तालमीतल्या सूचनाही इंग्रजीतून. बिशानची मुलं देवनागरी वाचायची, पण त्यामुळे बाकीच्यांना कमीपणा वाटतो अशी पालकांची तक्रार आली, तेव्हा त्यांनाही इंग्रजी अक्षरंच दिली. वर्गात अकराची सात मुलं झाली, सातची चार.

सुचित्राताईंनी कार्यकारिणीला पत्र लिहिलं. पत्र साधं होतं: उद्घाटनं आणि तालमी दुपारी घ्या, नाहीतर आठ नावं भरणार नाहीत आणि खोली जाईल. मी ते पत्र विषयपत्रिकेवर शेवटी, ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात ठेवलं. ज्यांना मंडळं चालवण्याचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऐनवेळचे विषय म्हणजे अध्यक्षांच्या परवानगीनं, वेळ उरल्यास, घ्यायचे विषय. वेळ उरत नाही. उरली तर ती चहाची असते. त्या दिवशी बॅनरच्या कडेला पैठणीची नक्षी हवी की मोराची, यावर दीड तास गेला आणि मी इतिवृत्तात लिहिलं: ‘सुचित्राताईंचा विषय अत्यंत महत्त्वाचा असल्यामुळे तो पुढील बैठकीत सविस्तर घ्यावा. सर्वानुमते.’

पुढची बैठक व्हायची त्या रविवारी सैन्य वुडलँड्सला गेलं. समुद्रावरच्या पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोर बाहरूला दोन मराठी कुटुंबं आहेत अशी बातमी लागली होती, आणि हेमचंद्रांना समुद्रापलीकडची पहिली शाखा काढायची होती. चौतीस लोक, झेंडे, ढोल. वुडलँड्स स्टेशनबाहेर पोचलो तर पुलावर रविवारची गर्दी, बसची रांग पार वळणापर्यंत. सुरेखाताईंनी हिशेब मांडला: जायला दोन तास, यायला तीन, आणि उद्या सोमवार. सैन्य कठड्यावर बसलं ते उठेना. सिकंदराचं सैन्य आठ वर्षं चालून बियास नदीवर अडून बसलं होतं. आमचं पन्नास मिनिटांत अडलं, एवढा काळाचा वेग वाढला आहे. सिकंदर तीन दिवस तंबूत रुसून बसला होता. हेमचंद्र तीन दिवस ग्रुपमधून बाहेर पडले. सिकंदरानं नदीकाठी बारा वेद्या बांधून घेतल्या, आम्ही बारा ग्रुप फोटो काढले आणि नॉर्थ साउथ लाइननं परत आलो.

त्या धावपळीत बैठक राहिली. सुचित्राताईंचा विषय अधिकच महत्त्वाचा झाल्यामुळे आणखी पुढे ठेवला.

मग हेमचंद्रांची फ्रँकफर्टला बदली झाली. निरोपाच्या वेळी प्रबोधनं विचारलं, मंडळ कुणाच्या हाती सोपवताय? हेमचंद्र गहिवरून म्हणाले, जो समर्थ असेल त्याच्या. सिकंदर मरताना हेच म्हणाला होता असं सांगतात. त्यापुढे काय झालं हे हेमचंद्रांच्या शिबिरात शिकवलंच नव्हतं, कारण दुसऱ्या दिवशी चारला बस होती. मंडळात समर्थ तिघे निघाले आणि एकाची तीन मंडळं झाली. प्रबोधनं मखर आणि ढोल घेतला. सुरेखाताईंनी मोठी पातेली घेतली, त्यामुळे सगळे सण आपोआप त्यांच्याकडे गेले. संजीव ग्रुपचा अ‍ॅडमिन होता, त्यानं ग्रुप घेतला आणि नाव बदलून टाकलं. इतिवृत्तांच्या वह्या कुणी मागितल्या नाहीत. त्या माझ्याकडेच आहेत.

साम्राज्याच्या वाटणीच्या या शनिवारच्या बैठकीला सुचित्राताई स्वतः आल्या होत्या. साडेदहापासून मागच्या खुर्चीवर बसून होत्या. पातेल्यांच्या झाकणांवर मतदान झालं, तेही त्यांनी ऐकून घेतलं. दीड वाजता खोली सोडायची वेळ झाली, खुर्च्या आवरायला लागल्या, तेव्हा त्या उभ्या राहिल्या.

“दिलीपराव, मला शाखा नको, सत्कार नको,” त्या मला म्हणाल्या. “मंगळवारी पाचपर्यंत आठ नावं हवीत. आठ मुलं. एवढंच.”

 मग प्रबोध म्हणाला की बिशान कोणाच्या हद्दीत येतं हे आधी ठरायला हवं. ते खरंच ठरलेलं नव्हतं, कारण बिशानला दोन एमआरटी लाइन मिळतात आणि तिघांनाही ते हवं होतं. शेवटी तिन्ही मंडळांची एक समन्वय समिती नेमून तिच्याकडे हा विषय द्यावा असं ठरलं. मी लिहून घेतलं. वेळ एक पस्तीस.

घरी जाऊन मी सुचित्राताईंचा निरोप ग्रुपवर टाकला. प्रतिसाद अभूतपूर्व होता, तो नोंदवून ठेवतो. अंगठे एकशे सत्याऐंशी. जोडलेले हात चौसष्ट. ‘किती सुंदर उपक्रम’ नऊ. आपल्या मुलांना मातृभाषा आलीच पाहिजे, असा बारा परिच्छेदांचा लेख एक (इंग्रजीत). नावं तीन. वर्गातली चार आणि ही तीन, झाली सात.

सोमवारी संध्याकाळी सुचित्राताईंचा फोन आला. आवाज थकलेला होता, पण खूश होत्या. म्हणाल्या, “सात झाली हो. आठवं आर्याचं लिहू ना?”

आर्या तालमीला जाऊ लागली होती तेव्हापासून वर्गात नव्हती, आणि हेमचंद्र गेल्यानं तालमी बंद पडल्यावर तिच्या रविवारचं आम्ही काहीतरी केलं होतं. पीएसएलईचं वर्ष आहे. ही सहावीची परीक्षा. तिच्या मार्कांवर इथे पुढची शाळा ठरते. रविवारी दहा ते बारा गणिताच्या एका फार मागणी असलेल्या शिक्षिकेकडे जागा मिळाली होती, आठ महिने थांबून. साधना, म्हणजे माझी बायको, पलीकडच्या खुर्चीवरून मानेनं नाही म्हणत होती. आणि माझ्यासमोर टेबलावर ‘मराठी संस्कृतीचा प्रसार: एक आढावा’ हा चाळीस पानांचा अहवाल पसरलेला होता, तो बुधवारी तिन्ही मंडळांना द्यायचा होता. मी म्हणालो, बघतो, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मी त्यांना मेसेज केला: ‘आपल्या कार्यास मनःपूर्वक शुभेच्छा.’ त्यांचं उत्तर आलं: ‘बरं.’

उगाच खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं कुणीतरी दुसरं नाव देईल. चारशे बारा जणांना तेच वाटलं असणार, आपण सगळे एका विचाराचे आहोत. पण ते ‘बरं’ वाचून मी फोन पालथा ठेवला. लाज वाटली. इतिवृत्तात लाजेसाठी रकाना नसतो, म्हणून इथे सांगतो.

अहवाल पूर्ण करताना मी ग्रीकांबद्दल थोडं वाचलं. अफगाणिस्तानात, ग्रीसपासून हजारो मैल दूर, त्यांच्या शहराचे अवशेष सापडले आहेत, नाट्यगृहासकट. सिकंदर गेल्यावरही कित्येक पिढ्या तिथे ग्रीक लिहिली जात होती. म्हणजे कुणीतरी मास्तर तिथे रोज पोरांना घेऊन बसत असणार. सिकंदराच्या घोड्याचं नाव मला पाठ आहे, ब्युसेफॅलस. त्या मास्तरचं मात्र मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. हे वाक्य मी अहवालात घातलं होतं, पण विषयाला सोडून वाटलं म्हणून काढून टाकलं.

खोलीत आता लाइन डान्स चालतो. मी एकदा डोकावलो. आंटी फार छान नाचतात. सुचित्राताई दिसल्या नाहीत. त्या हल्ली रविवारी नवऱ्याबरोबर ईस्ट कोस्टला फिरायला जातात असं कळलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा मोकळा रविवार मिळालाय त्यांना, बरंच झालं म्हणायचं.

मागच्या आठवड्यात मिरजेहून आईचा फोन आला. आर्या बोलायला लागली, गुडघ्यापर्यंत आली आणि अडली. शब्द आठवेना. गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी सांगेपर्यंत तिनं फोन माझ्या हातात दिला. “बाबा, यू टेल हर, लाह.”  आई म्हणाली, “पोरीला माझा राग आलाय का रे?” मी सांगितलं की अभ्यास फार असतो.

तुम्हाला आता माझा संताप आला असेल. यावा. मराठी वाचकाला भाषेचा विषय निघाला की संताप येतो, हे आपल्या जिवंतपणाचंच लक्षण आहे. फक्त एक करा. तुमच्या घरात जे सगळ्यात लहान मूल असेल, मग घर पुण्यात असो, ठाण्यात असो की न्यू जर्सीत, त्याला हाक मारा आणि यातलं कुठलंही एक वाक्य वाचून दाखवायला सांगा. त्यानं वाचलं, तर मी तुमची माफी मागतो. आणि ते अडलं, तुमच्याकडे बघत राहिलं, तर मुळीच खचून जाऊ नका. तुमच्या भागात आपण शाखा काढू. बॅनर माझ्याकडे तयार आहे, फोटोची जागा तेवढी रिकामी आहे. अध्यक्ष तुम्हीच व्हा.